फिश निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह: क्रॉनिक ल्युकेमियाच्या जनुकीय चाचण्यांतले आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना ९ महिन्यांपूर्वी सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निदान झाले. तेव्हा फिश चाचणीत, म्हणजे एकेका पेशीतला जनुकीय बिघाड चमकत्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चाचणीत, ९० टक्क्यांहून जास्त पेशी पॉझिटिव्ह होत्या. इमॅटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. आता एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट हातात आले आहेत: फिश निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह, ०.४ टक्के. यातला खरा कुठला? ओळखीच्या एका बाईंना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आहे, त्यांना हा पीसीआर कुणी सांगत नाही, भलत्याच चाचण्या सांगतात, ते का? आणि आम्हा मुलांनी ही टेस्ट करून घ्यावी का?

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत आणि ते एकमेकांशी नीट जुळतात. फिश करणाऱ्याने साधारण २०० पेशी पाहिल्या, त्यांत बिघडलेली पेशी दिसली नाही. पीसीआर करणाऱ्याने लाखो पेशींचा आरएनए एकत्र काढून तपासला, त्यात बिघडलेल्या जनुकाचा माग लागला. रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे अशा रिपोर्टांवर सही करतो आहे. घरच्या मंडळींचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो इथेच. ‘निगेटिव्ह’ हा शब्द सगळे वाचतात, पण किती पेशी पाहून निगेटिव्ह म्हटले आहे, ती खालची बारीक ओळ कुणी वाचत नाही. पुढचे सगळे उत्तर त्या बारीक ओळीबद्दलच आहे.

आधी शोधायचे काय ते पाहू. फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० साली सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक खुरटे गुणसूत्र दिसत असल्याचे सांगितले. त्याला पुढे फिलाडेल्फिया गुणसूत्र हेच नाव पडले. ते खुरटे का, हे कळायला १९७३ साल उजाडले. शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापली टोके अदलाबदल केलेली असतात. या अदलाबदलीत ९ क्रमांकावरचे एबीएल जनुक २२ क्रमांकावरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटते. तयार होणारे जोडजनुक, बीसीआर-एबीएल, एक असे प्रथिन बनवते जे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप सतत देत राहते आणि थांबतच नाही. इमॅटिनिब, जे २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले, ते याच प्रथिनाच्या कामाच्या जागी जाऊन बसते. म्हणजे सीएमएलमध्ये रोगाचे कारण, निदानाची खूण आणि औषधाचे लक्ष्य ही तिन्ही एकच आहेत. अशी सोय फार थोड्या कर्करोगांत मिळते. सीएलएलमध्ये तर ती अजिबात नाही, म्हणून तुमच्या ओळखीच्या बाईंच्या चाचण्या वेगळ्या. त्यांच्याकडे नंतर येतो.

ही खूण पाहण्याच्या पद्धती तीन. सगळ्यात जुनी कॅरिओटाइप. बोन मॅरोतल्या पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवायच्या, गुणसूत्रे रंगवायची आणि सगळीच्या सगळी डोळ्यांनी तपासायची. साधारण २० पेशी पाहतात. २०च्या २० नॉर्मल निघाल्या, तर ‘बिघडलेल्या पेशी १४ टक्क्यांहून जास्त नाहीत’ एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. चाळणी भरड आहे. तरीही निदानाच्या वेळी ही चाचणी मी कुणाला टाळू देत नाही. कारण बाकीच्या दोन्ही पद्धती आपण जे विचारतो तेवढेच सांगतात, कॅरिओटाइप न विचारलेलेही सांगते. दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र, ८ क्रमांकाची जादा प्रत, १७ क्रमांकाच्या लांब भुजेची दुहेरी प्रत, असले जादा बिघाड रोग पुढच्या टप्प्याकडे झुकत असल्याची सूचना देतात. यांतल्या शेवटच्या दोन्हींचा बीसीआर-एबीएलच्या फिशमध्ये पत्ता लागत नाही. बोन मॅरो काढायला रुग्ण नाखूश असतात, ‘रक्तातून होत नाही का?’ असे विचारतात. निदानासाठी रक्त बऱ्याचदा पुरते, पण रोग कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवायला मॅरो लागतोच.

फिश ही पुढची पायरी. इथे पेशी विभाजित व्हायची वाट पाहावी लागत नाही. अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीचे केंद्रक निळे दिसते आणि त्यावर चमकणारे ठिपके: एबीएलच्या जागी लाल, बीसीआरच्या जागी हिरवे. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. सीएमएलच्या पेशीत एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे, कारण अदलाबदल दुहेरी असते आणि दोन्ही गुणसूत्रांवर लाल-हिरवे शेजारी येतात. काम सोपे वाटते, पण त्यात एक खोच आहे. केंद्रक गोल असते आणि आपण ते सपाट पाहतो. वरचा लाल आणि खालचा हिरवा योगायोगाने एकाच रेषेत आले, तर निरोगी पेशीतही पिवळा भास होतो. म्हणून प्रत्येक लॅब आधी निरोगी लोकांचे नमुने मोजून आपली मर्यादा ठरवते, आणि तिच्याखालची संख्या आली तर निगेटिव्ह लिहिते. दोन पिवळे मागणाऱ्या हल्लीच्या प्रोबमध्ये, म्हणजे ठिपके उमटवणाऱ्या रसायनांत, ही मर्यादा बरीच खाली आली आहे. पण काही रुग्णांत ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर जोडाच्या जागचा तुकडाच गळालेला असतो, त्यांच्या पेशींत एकच पिवळा ठिपका दिसतो. पहिल्या वेळचा नमुना कसा दिसत होता हे माहीत नसलेल्या तंत्रज्ञाला अशी पेशी सहज फसवते. २०० पेशींत एकही सापडली नाही, तर गणिताने फार तर म्हणता येते की बिघडलेल्या पेशी दीड टक्क्याहून जास्त नसाव्यात. तुमच्या वडिलांच्या फिशने सांगितले ते इतकेच.

आता पीसीआर. जोडजनुकापासून पेशी आरएनएच्या प्रती काढते. त्या आरएनएचा डीएनए करून पुन्हापुन्हा दुप्पट करायचा आणि किती फेऱ्यांनंतर यंत्राला चमक जाणवते ते पाहायचे. चमक लवकर जाणवली म्हणजे माल जास्त. शेजारीच, त्याच नमुन्यात, एखादे नेहमीचे जनुकही मोजायचे, बहुधा एबीएलच. उत्तर म्हणून मिळते ते या दोन संख्यांचे गुणोत्तर.

म्हणून ०.४ टक्के म्हणजे ‘हजारात चार पेशी बिघडलेल्या’ असे समजू नका. ते पेशींचे प्रमाण नाही, आरएनएच्या प्रतींचे गुणोत्तर आहे, आणि तेही एका ठरवून घेतलेल्या मापपट्टीवर बसवलेले. या पट्टीला इंटरनॅशनल स्केल म्हणतात, रिपोर्टवर ‘आयएस’ अशी अक्षरे असतात. इमॅटिनिबच्या आयरिस नावाच्या मोठ्या अभ्यासात उपचारापूर्वीच्या नमुन्यांवरून जी पातळी काढली, ती या पट्टीवर १०० टक्के धरली आहे. तिथून हजारपटीने खाली आले की ०.१ टक्के, त्याला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. प्रत्येक लॅबच्या यंत्राचे आणि रसायनांचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून लॅबने आपला रूपांतर-गुणांक काढून घ्यायचा असतो आणि कच्चा आकडा त्याने गुणायचा असतो. रिपोर्टवर ‘आयएस’ नसेल, तर तो आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

सुरुवातीच्या आकड्यांबद्दल एक बारकावा सांगून ठेवतो, कारण त्यावरून उगाच घबराट होते. एबीएल मोजणारी रसायने साध्या एबीएलबरोबर जोडजनुकातले एबीएलही मोजतात. रोग जोरात असतो तेव्हा छेदही फुगतो आणि गुणोत्तर दबते. १० टक्क्यांच्या वरचे आकडे त्यामुळे फारसे विश्वासाचे नसतात. निदानाच्या वेळी एकाचे ४५ आणि दुसऱ्याचे ८५ आले, म्हणून पहिल्याचा रोग निम्मा असे होत नाही. खाली उतरल्यावर मात्र पट्टी चांगली चालते.

तर तुमच्या वडिलांचे ०.४ टक्के. युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञगटाच्या टप्प्यांनुसार ३ महिन्यांना १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांना १ टक्का किंवा कमी, १२ महिन्यांना ०.१ टक्का किंवा कमी, अशी अपेक्षा असते. ९ महिन्यांना वेगळा टप्पा नाही. १ टक्क्याच्या खाली आल्यावर कॅरिओटाइप आणि फिश साधारणपणे निगेटिव्हच येतात, म्हणून तुमचे दोन रिपोर्ट जुळतात असे वर म्हटले. चित्र चांगले आहे. खरे सांगायचे तर या वेळी फिश केली नसती तरी चालले असते. खात्रीचा पीसीआर हाताशी असताना पाठपुराव्यासाठी पुन्हापुन्हा फिश करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. १२ महिन्यांना आकडा ०.१ ते १ टक्का या पट्ट्यात राहिला, तर डॉक्टर त्याला इशारा समजून चाचण्या कमी अंतराने करतील. १ टक्क्याच्या वर गेला तर औषध बदलण्याचे बोलणे सुरू होईल.

आता ती बारीक ओळ. पीसीआरच्या रिपोर्टमध्ये निष्कर्षाखाली दोन आकडे असतात, किंवा असायला हवेत. समजा एका रिपोर्टवर बीसीआर-एबीएलच्या प्रती ० आणि एबीएलच्या प्रती ३,२०० असे लिहिले आहे. दुसऱ्यावर बीसीआर-एबीएल ० आणि एबीएल १,१०,०००. दोन्हींच्या वर ठळक अक्षरांत ‘आढळले नाही’ असेच छापलेले असेल. पहिल्या नमुन्यात मुळात तीनेक हजार प्रतींतच शोध घेतला गेला. ३०,०००त एक असे काही असेल, तर ते तिथे सापडण्याची शक्यता जेमतेम. दुसऱ्यात लाखभर प्रती चाळून काही मिळाले नाही. पहिला रिपोर्ट खरे तर ‘नमुना अपुरा, पुन्हा पाठवा’ असाच द्यायला हवा. नियम असा की एबीएलच्या निदान १०,००० प्रती मिळाल्याशिवाय ‘एमआर ४’ (एमआर म्हणजे मॉलिक्युलर रिस्पॉन्स), म्हणजे ०.०१ टक्क्याची पातळी, म्हणू नये. ‘एमआर ४.५’, म्हणजे ०.००३२ टक्के, म्हणायला ३२,००० प्रती लागतात. हा ३२,०००चा आकडा आला कुठून ते लगेच ध्यानात येईल: ०.००३२ टक्के म्हणजे साधारण ३१,०००त एक. तेवढ्यांत एक आहे की नाही हे सांगायचे, तर तेवढ्या पाहाव्याच लागतात.

प्रती कमी का भरतात? बहुतेक वेळा दोष लॅबबाहेरचा असतो. आरएनए नाजूक. रक्त काढल्यापासून पेशी तो मोडू लागतात, उन्हातान्हातून प्रवास झाला तर आणखी लवकर. नमुना २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये प्रक्रियेला लागावा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेले आणि सोमवारी उघडलेले रक्त मला नकोसे वाटते. आठवड्याच्या सुरुवातीला द्या. दुसरी गोष्ट ट्यूबची. पीसीआरला जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची ट्यूब लागते. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची, हेपॅरिनची. उलटापालट झाली की दोन्ही कामे बिघडतात: हेपॅरिन पीसीआरची रासायनिक क्रियाच रोखते, आणि ईडीटीएमध्ये राहिलेल्या पेशी वाढायला कुरकुरतात. उपचारामुळे पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या असतील तर आरएनएही कमीच निघतो, अशा वेळी जास्त रक्त मागून घेतात. ते दिले पाहिजे.

‘आढळले नाही’ फसवे निघण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते जास्त धोक्याचे. बीसीआर जनुक प्रत्येकाचे एकाच जागी तुटत नाही. बहुसंख्य रुग्णांत जोड ई१३ए२ किंवा ई१४ए२ या प्रकारचा असतो (‘ई’ हा बीसीआरचा भाग, ‘ए’ हा एबीएलचा), आणि आयएस पट्टी व नेहमीची किट त्यांच्यासाठीच बनवलेली आहेत. काही थोड्यांत जोड ई१ए२ असतो, काहींत ई१९ए२, काहींत एबीएलचा ए२ हा भाग गळून ए३ जोडला जातो. अशा रुग्णाच्या रक्तात रोग धो-धो वाहत असला, तरी नेहमीचे किट शांतपणे शून्य दाखवते. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, प्लीहा बरगडीखाली हाताला लागते आहे, फिशमध्ये ९५ टक्के पॉझिटिव्ह, आणि पीसीआर ‘आढळले नाही’: असे दिसले की किटवर नाही, जोडाच्या प्रकारावर संशय घ्यायचा. म्हणून निदानाच्या वेळी एकदा प्रकार ओळखणारा पीसीआर झालाच पाहिजे. टीबीच्या तपासणीसाठी ओळखीच्या झालेल्या छोट्या कार्ट्रिज यंत्रांवरही बीसीआर-एबीएल मोजता येते आणि उत्तर काही तासांत मिळते. सोय मोठी आहे, पण तेही नेहमीच्याच प्रकारांसाठी. वडिलांची जुनी फाइल उघडा आणि पहिल्या पीसीआरवर ‘ई१३ए२’ किंवा ‘ई१४ए२’ असे कुठे लिहिले आहे का पाहा. त्या कागदाची झेरॉक्स प्रत्येक नव्या लॅबला द्या. दुर्मीळ प्रकार असेल तर पाठपुरावा त्या प्रकारासाठी बनवलेल्या चाचणीनेच करायचा, आणि अशांच्या बाबतीत फिशलाही पुन्हा महत्त्व येते.

आकडा वर सरकला तर? खालच्या पातळीवर तोच नमुना दोनदा लावला तरी दुपटीचा फरक सहज पडतो. ०.००४चे ०.००९ झाले म्हणून रात्रभर जागत बसू नका. ०.१च्या खाली स्थिरावलेला आकडा तो उंबरठा ओलांडून वर आला आणि पुन्हा तपासल्यावरही वरच राहिला, तर मात्र ते मनावर घ्यायचे. अशा वेळी पहिला प्रश्न जनुकांचा नसतो, गोळ्यांचा असतो. किती दिवस चुकल्या, सोबत दुसरे कुठले औषध सुरू झाले का, पोट बिघडल्यामुळे अंगी लागल्या नाहीत का. हे विचारताना रुग्ण ओशाळतात आणि ‘नाही नाही, नियमित घेतो’ म्हणतात. डॉक्टरांना खरे सांगा, नाहीतर चांगल्या चालणाऱ्या औषधावर फुली पडते.

गोळ्या खरोखर नियमित असतील, तर एबीएलच्या किनेज भागात म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, झाले आहे का ते पाहतात. औषध बसते त्या खाचेचा आकार बदललेला असतो. त्यातले कुप्रसिद्ध म्हणजे टी३१५आय. इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब यांपैकी कशालाच ते दाद देत नाही. त्यावर पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब लागते. जनुकाची अक्षरे वाचणाऱ्या जुन्या सँगर पद्धतीला म्युटेशन दिसायला ते १५–२० टक्के प्रतींत असावे लागते, एनजीएस या नव्या पद्धतीला त्याहून पुष्कळ कमी चालते. इथेही किती खोल पाहिले हाच मुद्दा. आकडा ०.१च्या खाली असताना ही तपासणी सहसा जमतच नाही, वाचायला पुरेसा माल नसतो. निदानाच्या दिवशी, साध्या क्रॉनिक टप्प्यात, ती करण्याचीही गरज नसते. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी पन्नास-शंभर जनुकांचे पॅनेल लिहून दिले जाते. एएसएक्सएल१सारख्या जनुकांतले बदल सीएमएलची वाटचाल खडतर करतात असे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यावरून आज बहुतेक रुग्णांच्या गोळीत बदल होत नाही, आणि घरात मात्र काळजीचा एक जादा कागद येतो.

औषध कधी थांबेल, हेही पुढेमागे विचाराल. ते याच पीसीआरवर ठरते. अनेक वर्षे औषध घेतलेले असणे आणि ‘एमआर ४’ किंवा त्याहून खोल पातळी निदान २ वर्षे टिकलेली असणे, अशा अटी असतात. फ्रान्समधल्या स्टिम अभ्यासाने आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखवले की नीट निवडलेल्या रुग्णांतही साधारण निम्म्यांचा आकडा पुन्हा वर येतो, बहुतेकांचा पहिल्या ६ महिन्यांतच, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सगळ्यांचा खाली जातो. म्हणून थांबवल्यावर पहिले ६ महिने दर महिन्याला पीसीआर लागतो. ज्यांना दर महिन्याला भरवशाच्या लॅबपर्यंत नमुना पोहोचवणे शक्य नाही, त्यांनी औषध थांबवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे.

आता त्या बाईंचे सीएलएल. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात बीसीआर-एबीएलसारखी सगळ्यांत सापडणारी एक खूण नाही. निदान जनुकीय चाचणीने होतही नाही, पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा यंत्राने मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने होते. रक्तात एकाच वंशाच्या बी लिम्फोसाइट दर मायक्रोलिटरला ५,००० किंवा जास्त, ३ महिने टिकून, आणि त्यांच्या पृष्ठभागावर सीडी५, सीडी१९, सीडी२३ अशा खुणा. चित्र मॅन्टल सेल लिम्फोमा या मिळत्याजुळत्या कर्करोगाशी घोटाळत असेल, तर ११ आणि १४ गुणसूत्रांची अदलाबदल आहे का हे फिशने पाहतात. ती असेल तर तो सीएलएल नव्हे.

मग जनुके कशाला तपासायची? उपचार कुठला लागू पडेल हे कळायला. सीएलएलच्या पेशी विभाजनाला आळशी, कॅरिओटाइपसाठी त्यांना मुद्दाम डिवचावे लागते. म्हणून पूर्वीपासून भर फिशवर. जर्मनीतल्या डोनर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ क्यूचा (क्यू म्हणजे गुणसूत्राची लांब भुजा, पी म्हणजे आखूड) तुकडा गळालेला ५५ टक्क्यांत, ११ क्यूचा १८ टक्क्यांत, १२ क्रमांकाची जादा प्रत १६ टक्क्यांत, आणि १७ पीचा तुकडा गळालेला ७ टक्क्यांत. शेवटच्या गटाचे हाल सगळ्यात वाईट होते. १७ पीवर टीपी५३ जनुक असते. केमोथेरपी पेशीच्या डीएनएला इजा करते, आणि ‘इजा झाली, आता मर’ असे पेशीला सांगण्याचे काम टीपी५३चे. तेच नसेल तर केमो पेशीला नुसती जखमी करते, मारत नाही. ती आकडेवारी केमोच्या काळातली आहे, तीवरून आज कुणी आयुष्याचे महिने मोजू नयेत. बी पेशीतले बीटीके हे प्रथिन रोखणाऱ्या गोळ्या आणि व्हेनेटोक्लॅक्स हे औषध यांना टीपी५३ची तेवढी गरज पडत नाही, आणि म्हणूनच उपचार निवडण्याआधी हा रिपोर्ट हातात असावा लागतो.

यात एक पळवाट राहते. काही रुग्णांत १७ पीचा तुकडा जागेवर असतो, पण त्यावरचे टीपी५३ आतून खराब झालेले असते. फिशचा ठिपका नॉर्मल दिसतो. ते पकडायला सिक्वेन्सिंगच, म्हणजे जनुकाची अक्षरे वाचणेच, लागते. नुसती फिश करून ‘टीपी५३ ठीक आहे’ म्हणणे अपुरे आहे. शिवाय नमुन्यात सीएलएलच्या पेशी किती आहेत हेही पाहावे लागते. रक्तात त्या पाचच टक्के असतील, तर बिघाड कितीही असला तरी फिशच्या मर्यादेखाली दबून जाईल.

तिसरी चाचणी आयजीएचव्ही या जनुकाची. बी पेशी प्रतिपिंडे घडवताना या जनुकात बदल करून घेते. मूळ जनुकाशी साम्य ९८ टक्के किंवा जास्त असेल तर ‘अनम्युटेटेड’, कमी असेल तर ‘म्युटेटेड’. इथे म्युटेटेड असणे चांगले, हे ऐकून रुग्ण चक्रावतात. हा निकाल आयुष्यभर बदलत नाही, एकदा केला की झाले. १७ पी आणि टीपी५३चे तसे नाही. उपचारांतून तगलेल्या पेशींत ते नव्याने बिघडलेले असू शकते, म्हणून प्रत्येक नव्या उपचाराआधी ते पुन्हा तपासायचे. पहिल्या वेळचा ५ वर्षांपूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट दाखवून चालत नाही. आणि त्या बाईंना सध्या उपचारच नको, नुसते लक्ष ठेवायचे, असे सांगितले असेल, तर टीपी५३ वाईट आले तरी केवळ त्यावरून उपचार सुरू करत नाहीत. घाई नसते.

उपचारानंतर किती रोग उरला ते सीएलएलमध्येही मोजतात, फ्लोने १०,०००त एक पेशी इतक्या बारकाईने. खात्रीने बोलायला अशा वीसेक पेशींचा पुंजका दिसावा लागतो, म्हणजे यंत्रातून २,००,००० पेशी जायला हव्यात. रिपोर्टवर तोही आकडा शोधा. ठराविक मुदतीच्या व्हेनेटोक्लॅक्स उपचारात हे मोजण्याला अर्थ आहे. बीटीकेच्या गोळ्या सतत चालू राहतात, त्यांत रोग थोडा उरला तरी रुग्ण ठणठणीत असू शकतो, तिथे त्याची गरज नसते.

राहिला मुलांचा प्रश्न. टेस्ट करू नका. बीसीआर-एबीएल जन्मतः आलेले नसते, मोठेपणी रक्ताच्या एखाद्या मूळ पेशीत घडते. वडिलांच्या इतर अवयवांत ते नाही, तुमच्यात येण्याचा प्रश्नच नाही. सीएलएलमध्ये जवळच्या नातेवाइकांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी निरोगी माणसाने करावी अशी जनुकीय चाचणी तिथेही नाही. उलट केली तर नसते झंझट मागे लागते. अतिसंवेदनशील पीसीआरने निरोगी माणसांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा तुरळक माग सापडतो, हे १९९०च्या दशकातच दिसले आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना सीएमएल कधी होत नाही. लाखो पेशी चाळल्या की कुठेतरी काहीतरी दिसतेच. काळजी वाटत असेल तर साधी सीबीसी करा. ती नॉर्मल असेल तर विषय तिथेच सोडा. वडिलांचा पुढचा नमुना मात्र १२ महिने भरताना, त्याच लॅबमध्ये, आठवड्याच्या सुरुवातीला, जांभळ्या ट्यूबमध्ये द्या, आणि रिपोर्ट आल्यावर टक्क्यांबरोबर एबीएलच्या प्रती किती भरल्या तेही वाचा.